हाक आणि ओ

फाल्गुन सरत आला, की मंचराहून घोडेगाव-डिंभ्याच्या वाटेने पश्चिमेकडे जाणाऱ्या प्रवाशास रात्रीच्या वेळी एक देखावा वारंवार दिसतो. दूरच्या डोंगराच्या अंगाने एक तांबडी, वाकडी रेघ हळूहळू वर सरकत असते. मध्येच ती तुटते, पुन्हा जुळते, एखाद्या ठिकाणी भडकून क्षणभर कडा उजळते. गाडीतील कोणी म्हणतो, ‘वणवा लागलेला दिसतो.’ दुसरा म्हणतो, ‘दरसालचेच आहे.’ आणि संभाषण कांद्याच्या भावाकडे वळते. हे बोलणारे लोक निर्दय असतात असे मुळीच नव्हे. यांपैकीच एखाद्याच्या शेजाऱ्याच्या गंजीस आग लागली, तर तो अंगावरचे पांघरूण फेकून धावेल. मग डोंगरावरच्या आगीविषयी ‘आपण काही करावयास हवे’ असा विचारदेखील त्याच्या मनात उद्भवू नये, याचे कारण काय असावे? अंतर हे कारण, की परकेपणा, की ती आग कोणाची हेच मुळी ठरलेले नाही म्हणून?

आम्हांस आज ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो येथूनच निघतो. संकटात सापडलेल्यास मदत करावी, हे तत्त्व आपणांस शिकवावे लागत नाही. दुष्काळ पडला, पूर आला, भूकंप झाला, की धान्य, कपडे व पैसा यांचा ओघ सुरू होतो आणि महाराष्ट्राने या बाबतीत कधी हात आखडता घेतलेला नाही. परंतु संकटाच्या पूर्वी, आणि संकटाच्या पहिल्या घटकेस, करावयाचे असते ते इतकेच, की कोणी तरी हाक मारणे आणि कोणी तरी तिला ओ देणे. त्या वेळचे कर्तव्य कोणाचे, त्याची मर्यादा कोठवर, आणि ते चुकल्यास दोष कोणाच्या पदरी घालावयाचा, याविषयी आपला विचार फार ढिला राहिला आहे. दान देणाऱ्याचे नाव छापून येते. वेळेवर सांगणाऱ्याचे येत नाही. कदाचित म्हणूनही तसे असेल.

प्रथम वणव्याचेच पाहू. तो आपोआप लागतो ही समजूत सोडली पाहिजे. वाऱ्याने वेळू वेळूवर घासून ठिणगी पडते अशी कथा अजून सांगितली जाते. पण सह्याद्रीच्या या भागातील आगी बहुतेक माणसाच्याच हातून लागतात. कोठे विडीचे थोटूक, कोठे मधासाठी केलेला धूर, कोठे सहलीस आलेल्या मंडळींची न विझवलेली चूल, कोठे निव्वळ चाळा. जुने गवत जाळले म्हणजे नवे जोमाने येते, असे गुरे राखणारे सांगतात. त्यात मुळीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. कोवळे फुटवे लवकर दिसतात हे खरे. पण त्याबरोबर रोपटी, बी, पाचोळा आणि पाचोळ्याखालचे जीव जळतात, जमीन उघडी पडते व पहिल्या जोराच्या सरींबरोबर तिची साय वाहून जाते. हा तोटा डोळ्यांस दिसावयास मात्र वर्षे लागतात. शिवाय भाताचे रोप टाकण्याच्या जागी फांद्या, पाचोळा व शेणकूट पसरून राब भाजण्याची जुनी रीत आहे. वारा फिरला, की राबाची आग बांध ओलांडते. शहरात बसून त्या शेतकऱ्यास शहाणपण सांगणे सोपे आहे. ज्याचे सारे वर्ष चार खाचरांवर अवलंबून आहे, त्यास राब न भाजण्याचा उपदेश करणाऱ्याने आधी दुसरा मार्ग दाखवावा.

आणि नुकसान तरी प्रथम कोणाचे होते? पश्चिम आंबेगाव व जुन्नर भागातील महादेव कोळी कुटुंबांच्या हाती जी थोडीबहुत रोकड पडते, तीत हिरड्याच्या विक्रीचा वाटा मोठा असतो. हिरड्याचे झाड एका उन्हाळ्यात वाढत नाही. १९८५ साली जाहीर झालेले भीमाशंकरचे अभयारण्य याच रांगेवर आहे. ज्या शेकरूकरिता ते राखले, त्याचा सारा संसार झाडावर असतो. तेव्हा आग लावणारा आणि आगीने पोळणारा पुष्कळदा एकाच वाडीतला असतो, ही गोष्ट दोष देण्यापूर्वी ध्यानात घ्यावी.

या आगीवर उपाय नाही असेही नव्हे. वनखाते थंडीच्या अखेरीस जाळरेषा काढते. म्हणजे ठराविक रुंदीचे पट्टे आपण होऊन साफ करून जाळून ठेवते, की पुढे आग आली तर तेथे तिला खावयास काही मिळू नये. लागलेली आग ओल्या डहाळ्यांनी झोडपून विझवतात. अलीकडे वारा फेकणारी यंत्रे पाठीस बांधूनही विझवतात. त्याहून नवल म्हणजे आकाशातील उपग्रह जमिनीवरची आग हेरतात आणि डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून ती वार्ता वनाधिकाऱ्यांच्या मोबाईलवर येऊन पडते. आता पाहणारा डोळा इतका तीक्ष्ण झाला आहे. परंतु डोळ्याने पाहिले तरी चढण पायांनीच चढावी लागते, आणि वनरक्षक एक व डोंगर अनेक, ही स्थिती उपग्रहाने बदलत नाही.

येथे कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या २६ व्या कलमाने राखीव वनात आग लावणे हा गुन्हा ठरवला आहे. हे बहुतेकांस ठाऊक असते. पण त्याच अधिनियमाचे ७९ वे कलम फारसे कोणी वाचत नाही. वनात ज्यांचे काही हक्क चालतात, तेथील माल नेण्याची ज्यांस परवानगी आहे, अशा लोकांवर, तसेच वनालगतच्या गावात जे सरकारचे वेतन घेतात त्यांच्यावर त्या कलमाने असे बंधन घातले आहे, की आगीची वार्ता त्यांनी विनाविलंब कळवावी आणि ती विझवण्यास हातभार लावावा. परक्या राजवटीने आपल्या लाकडाच्या रक्षणासाठी केलेला हा कायदा आहे, हे आम्ही विसरलो नाही. तरी त्यातील नीतितत्त्व विचार करण्याजोगे आहे. जो वनाचे खातो तो वनाच्या हाकेस बांधलेला आहे, असे ते तत्त्व होय.

आता हेच तत्त्व प्रामाणिकपणे पुढे नेले तर ते कोठे जाऊन थांबते? डिंभ्याच्या धरणात जे पाणी साठते ते याच डोंगरांवरून उतरते. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्यास आहे ते जुने गावच त्या पाण्याखाली गेले. आणि त्या पाण्यावर कालव्याखालचा पूर्वेकडील मुलूख ऊस, कांदा, बटाटा व भाजीपाला पिकवतो. मंचरच्या बाजारात जो माल येतो आणि पुण्यामुंबईच्या स्वयंपाकघरांत जो शिजतो, त्यात त्या उतारावरच्या झाडांचा, गवताचा व मातीचा वाटा आहे. हिरड्याचे पोते वाहून नेणारी बाई वनाचे खाते, हे कायद्यास दिसले. कालव्याचे पाणी खाणारा बागायतदार आणि त्याची भाजी घेणारे आपण, हे दिसले नाही. कायद्याची दृष्टी तेवढीच असावयाची. पण नीतीची दृष्टी तेवढीच ठेवण्याचे काही कारण नाही. गाडीतून ती तांबडी रेघ पाहणारा मनुष्य डोंगरावर धावून जाईल अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. परंतु वनखात्यास किंवा पोलिसांस दूरध्वनी करून आग कोठे दिसली एवढे सांगणे हे त्याच्यावरचे ऋण आहे, उपकार नाही, असे आमचे मत आहे.

येथवर ज्या संकटाचा विचार केला ते दुरून दिसणारे होते. वणवा स्वतःच आपली हाक असतो. रात्री तो कोसभरावरूनही ओरडतो, आणि न ऐकण्याचा दोष आपला असतो. पण ज्या संकटास धूर नाही व उजेड नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आंबेगाव तालुक्याच्या बाहेर जावे लागत नाही.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी, कित्येक दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, माळीण गावठाणावर मागचा डोंगर उतरला. चाळीसहून अधिक घरे चिखलाखाली गेली. १५१ माणसे मेली. हे सारे काही क्षणांत झाले. धावत सुटून दुसऱ्या गावास सांगावे असे कोणी उरले नव्हते म्हटले तरी चालेल. जे थोडे वाचले ते स्वतःच गाडले गेले होते किंवा आपल्या माणसांस उकरीत होते. ही वार्ता बाहेर कशी गेली? त्या रस्त्याने येणाऱ्या एस. टी.च्या चालकाने पाहिले, की जेथे गाव असावयाचे तेथे गाव नाही. त्याने ते खाली कळवले, आणि मग यंत्रणा हलली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आली, जखमींस मंचरच्या रुग्णालयात आणले, अडिवऱ्याच्या आरोग्य केंद्रात प्रेतांची रांग लागली, आणि पावसात व चिखलात शोधाचे काम आठवडाभर चालले.

त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहिले गेले. उतारावर यंत्रे लावून जमीन सपाट केली म्हणून असे झाले, असे काहींनी म्हटले. झाडे तुटली म्हणून, असे इतरांनी म्हटले. भूशास्त्रज्ञांनी तीव्र उतार, कुजून भुसभुशीत झालेला खडक आणि त्यात मुरलेले पाणी यांकडे बोट दाखवले. तो वाद महत्त्वाचा आहे, तथापि आजचा आमचा विषय तो नव्हे. आमचे मन त्या चालकापाशी अडते. त्याच्यापाशी भोंगा नव्हता, नकाशा नव्हता, इशारा देण्याचे कसलेही यंत्र नव्हते. त्याच्यापाशी होते ते वेळापत्रक व ओळख. अमुक वळण घेतले, की घरे दिसतात, हे त्यास ठाऊक होते. म्हणून ती दिसली नाहीत हे त्यास कळले. प्रथमच त्या वाटेने जाणाऱ्या एखाद्या परक्याने चिखलाचा उतार पाहिला असता, आणि डोंगराकडे असेच असेल म्हणून गाडी पुढे काढली असती. अभाव हा ओळख असल्यावाचून दिसत नाही.

हा मुद्दा आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपली सर्व पूर्वतयारी हाक ऐकू येण्यावर उभारलेली आहे: कोणी तरी ओरडेल, दूरध्वनी करील, अर्ज देईल, मग आपण पाहू. ही न्यायाची रीत दिसते; वस्तुतः तीत एक अन्याय दडलेला आहे. ज्याचा आवाज मोठा, ज्याची वाट पक्की, ज्याच्या मोबाईलला खूण मिळते, त्याची हाक पोचते. ज्यास सर्वांत मोठे संकट आले तो बहुधा मुका झालेला असतो. एकत्र कुटुंबात म्हाताऱ्या माणसास सकाळी दाराबाहेरून हाक मारण्याची चाल असते. आतून ओ आली नाही, की दार ढकलून पाहतात. ‘त्यांनी बोलावले नाही, म्हणून आम्ही गेलो नाही’ असे त्या घरात कोणी म्हटले तर ते कोणास पटेल? घरास जी नीती आपण लावतो ती तालुक्यास लावण्यास अडचण कोणती, हे आम्हांस समजत नाही.

याला एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. दररोज प्रत्येक वाडीची विचारपूस करावी, पाऊस वाढला की इशारा द्यावा, भेग दिसली की गाव हलवावे, असे करू गेल्यास दहांपैकी नऊ वेळा काहीच होणार नाही. लोक हसतील, आणि दहाव्या वेळी कोणी ऐकणार नाही. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. परंतु ती गोष्ट आपण नेहमी एकाच बाजूने वाचतो. पोराने खोटी हाक मारू नये हा तिचा बोध खराच. पण मेंढरे कोणाची होती, हे कोणी विचारीत नाही. ती गावाचीच होती. शेवटच्या हाकेस न गेल्याने पोरास धडा मिळाला असेल, कळप मात्र गावाचा गेला. शिवाय त्या पोराने गंमत केली होती; ज्या तलाठ्याने किंवा शिक्षकाने पावसाचे माप पाहून लोकांस शाळेत नेले आणि रात्र सुखरूप गेली, त्याने गंमत केली नाही. त्याची हाक खोटी ठरली असे म्हणणे हाच विचाराचा गोंधळ होय. सुखरूप गेलेली रात्र हा इशाऱ्याचा पराभव नाही.

तथापि हाक नुसती मारून भागत नाही, तिचा अर्थ आधी ठरलेला असावा लागतो. याविषयी परदेशांतील अलीकडचे अनुभव उद्बोधक आहेत. आणि तेथे वणवा हा डोंगरावरचा दूरचा देखावा राहिलेला नसून वस्त्या गिळणारा शत्रू झाला आहे, म्हणून ते अधिकच. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज हे गाव वणव्यात जळाले व त्या आगीत ८५ माणसे मेली. त्या गावाने आपले विभाग पाडले होते, बाहेर पडण्याच्या वाटा ठरवल्या होत्या. तयारी नव्हती असे कोणी म्हणू शकत नाही. पण मोबाईलवरचा इशारा ज्यांनी आधी नावे नोंदवली त्यांनाच मिळावयाचा होता, आणि त्यांतीलही पुष्कळांस तो पोचला नाही. ८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई बेटांतील लाहाइना जळाले. तेथे भोंगे होते, ते वाजलेच नाहीत. अधिकाऱ्याने कारण सांगितले, की हे भोंगे समुद्राच्या लाटांसाठी असल्याचे लोक समजतात. ते ऐकून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीच्या तोंडी, धावले असते. त्या उत्तरावर जगभर टीका झाली, आणि ती रास्त होती. पण त्याचे म्हणणे क्षणभर खरे मानले, तर त्यातून निघणारी गोष्ट अधिकच भयंकर आहे: त्या गावापाशी आवाज होता आणि आगीसाठी शब्द नव्हता.

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया प्रांती ७ फेब्रुवारी २००९ च्या आगींत १७३ माणसे गेली. तेथे पूर्वीपासून लोकांस असे शिकवले जात होते, की एक तर तयारीनिशी घरीच राहून आगीशी झुंजा, नाही तर फार आधी निघा. दोन्ही सल्ले आपापल्या जागी शहाणपणाचे. परंतु कितीतरी लोकांनी तिसराच मार्ग धरला. थांबून पाहू, जवळ आली तर निघू, असा. मनुष्यस्वभाव सर्वत्र सारखा आहे. पुढे चौकशी आयोगाने त्या शिकवणीची चिकित्सा केली आणि अतिशय घोर दिवशी निघून जाणे हाच मार्ग, असे सांगण्याची रीत पडली. माणूस संकटात कसा वागेल याची कल्पना ज्या सूचनेत नाही, ती सूचना तर्काने कितीही निर्दोष असली तरी तिचा उपयोग नाही.

आपल्याकडे २०२३ च्या जुलैत अनेकांच्या मोबाईलवर एकाएकी कर्कश आवाज होऊन सरकारी चाचणीचा संदेश आला, मराठीतूनही आला. त्यावर थट्टा झाली, काही घाबरले, आणि दोन दिवसांत सारे विसरले. त्याच महिन्यात, १९ तारखेच्या रात्री, रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. त्या वाडीस मोटारीची वाटच नव्हती. मदत करणारे डोंगर चढून गेले. दरडींचा धोका असलेल्या गावांची जी यादी सरकारपाशी होती तीत या वाडीचे नाव नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले. आम्हांस यादी करणाऱ्यांस नावे ठेवावयाची नाहीत. यादी करणे भागच आहे. पण यादी वरून खाली लिहिली जाते. खालून वर सांगण्याची सोय तीत असेल, तरच ती पुरी होते.

ही खालून वर जाणारी हाक कशी असते? डोंगरउतारावर राहणाऱ्या माणसास काही खुणा दिसतात. जमिनीस नवी भेग पडते. झऱ्याचे नितळ पाणी एकाएकी गढूळ येते, किंवा कधी पाणी नव्हते तेथे फुटते. झाडे, खांब कलतात. घराचे दार चौकटीत अडकू लागते. या खुणा भूशास्त्राच्या पुस्तकांतही याच स्वरूपात लिहिलेल्या आहेत. फरक इतकाच, की शास्त्रज्ञ तेथे वर्षातून एकदा जातो आणि ती म्हातारी रोज दार लावते. आता समजा ती म्हणाली, ‘दार लागत नाही, डोंगर हलतोय,’ तर तिचे बोलणे कोठवर जाईल? गावातल्या पोरांपर्यंत, फार तर सरपंचापर्यंत. पुढच्या पायरीवर ते ‘अडाणी लोकांची भीती’ होते. इशारा देणे हे कर्तव्य खरे. परंतु त्याहून कठीण कर्तव्य ऐकण्याचे आहे, कारण ऐकणारा बहुधा बोलणाऱ्याहून मोठा असतो, आणि मोठ्या माणसास लहानाचे ऐकण्याची सवय नसते. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने प्रत्येक जिल्ह्यास प्राधिकरण दिले, त्यावर जिल्हाधिकारी बसवला, आराखडे करावयास लावले. हे सर्व हवेच होते. म्हातारीच्या दाराची गोष्ट त्या आराखड्यात कोणत्या रकान्यात लिहावयाची, एवढे कोणी ठरवले तर बरे होईल.

पुनर्वसनाच्या प्रश्नाचेही मूळ येथेच आहे. माळीणच्या उरलेल्या लोकांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसवले गेले; २ एप्रिल २०१७ रोजी ते लोकांस देण्यात आले. पक्की घरे, शाळा, रस्ते, पाणी. खर्चात कसूर झाली नाही. त्याच वर्षी पहिल्या पावसात तेथील रस्ते व भराव खचले, आणि एकदा डोंगर अंगावर आलेल्या माणसांनी पुन्हा भेगा पाहिल्या. दुरुस्त्या झाल्या. पण त्या पहिल्या पावसाच्या रात्री त्या घरांतून कोणास झोप लागली असेल, असे आम्हांस वाटत नाही. आणि ज्याचे सारे गणगोत गेले त्याच्या भीतीस ‘तांत्रिक दोष’ हे उत्तर पुरेसे नाही.

घर देणे आणि गाव देणे यांत अंतर आहे, हे महाराष्ट्रास किल्लारीने शिकवावयास हवे होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. काम प्रचंड होते आणि ते पार पडले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु जुनी गावे गल्ल्यांची होती. भावकी एका बोळात, ओट्यास ओटा लागलेला. नवी गावे चौकटीच्या कागदावर आखल्यासारखी, रुंद रस्त्यांची, हारीने मांडलेल्या घरांची झाली. भूकंपाच्या दृष्टीने ती अधिक सुरक्षित आहेत. पण ओट्यावरून मारलेली हाक त्या रुंद रस्त्यापलीकडे पोचत नाही. ज्या शेजाऱ्यांनी त्या रात्री हातांनी दगड उपसून एकमेकांस बाहेर काढले, त्यांस नव्या गावात कोणी कोणाशेजारी राहावयाचे हे विचारून ठरवणे अशक्य होते काय? वेळ लागला असता. तंबूत आणखी एक पावसाळा काढावा लागला असता. तो काढण्यास लोक तयार होते की नाही, हाही प्रश्न त्यांनाच विचारण्याजोगा होता. उपकाराच्या घाईत संमती घेण्याचे राहून जाते, आणि मग घेणारा कृतघ्न ठरतो.

माळीणच्या लोकांची शेते जुन्या जागेभोवतीच आहेत. भात लावावयास ते तिकडेच जातात; जाताना ज्यांची माणसे त्या मातीत गेली त्यांस ती माती ओलांडावी लागते. आणि डोंगराच्या कुशीत आणखी कितीतरी वाड्या तशाच आहेत, ज्यांस हलवणे शक्य नाही, आणि ज्या हलू इच्छीत नाहीत; कारण खाचर, हिरडा आणि देव तेथे आहेत. त्या वाड्यांपर्यंत एस. टी. जाते तेथे ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा जाते. अतिवृष्टीचा इशारा आला, की डोंगरवाटेच्या फेऱ्या रद्द होण्याची वेळ येते. चालकाचा व उतारूंचा जीव धोक्यात घालू नये, हे योग्यच आहे. मात्र त्या सकाळी, जेव्हा वळणावरून घरे दिसतात की नाही हे पाहणारा कोणी नसतो, तेव्हा वाडीस हाक कोणी मारावयाची आणि ओ आली नाही तर निघावयाचे कोणी, हे त्या फेऱ्या रद्द करण्याच्या आदेशातच लिहिलेले असावे.